न झालेल्या कामाचा वेग

लिफ्टचं दार उघडलं तशा हेडबाई अंग चोरून बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, "हो पुढे. वेगवान माणसांनी आधी." लिफ्टमध्ये दोघंच होते. "छे छे, तुम्ही व्हा" असं त्याने म्हणायला हवं होतं, पण पाय आपसूक पुढे गेले. बाई मागून हसल्या. त्या हसण्यात टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं. टोमणा परतवता येतो, निदान मनात धरून तरी ठेवता येतो. पण ते हसणं अगदी स्वच्छ होतं, धाकट्या भावाला गाडी चालवायला देऊन शेजारी निवांत बसलेल्या बहिणीसारखं. "बघितला तुझा तक्ता," कॉरिडॉरमधून चालता चालता बाई म्हणाल्या. "चाळीस पट म्हणजे काय खायचं काम आहे का? माझी रीत मी आज काढून घेते. दोन-दोन कशाला ठेवायच्या उगाच." एवढं बोलून त्या आपल्या टेबलाकडे वळल्या, पर्स खुंटीला अडकवली, छोटा पंखा आपल्याकडे वळवून घेतला. तो मात्र पाण्याच्या यंत्रापाशी नुसताच उभा राहिला, कारण ते चाळीस पट खोटं आहे हे त्याला काल संध्याकाळपासून ठाऊक होतं.

खोटं म्हणजे त्याने रचलेलं नव्हे. एवढं तरी स्वतःच्या बाजूने म्हणता येत होतं, आणि कालपासून तो ते इतक्यांदा म्हणत होता की त्यातला जीव आता गेला होता. ऑफिसचं काम असं, की घरोघरच्या पाण्याच्या मीटरांवरून रोज नोंदी येतात. एक नोंद म्हणजे एक लांबलचक ओळ: मीटरचा नंबर, पत्ता, तारीख, आकडा, आणि मध्ये मध्ये स्वल्पविराम. ती ओळ स्वल्पविरामांवर कापायची, तुकडे सुटे करायचे, मग त्या तुकड्यांवरून पुढचा हिशेब. कापणं इतकं क्षुल्लक, की त्याची कुणी चौकशीही करू नये. पण ओळी लाखांनी आल्या की क्षुल्लक गोष्टींचाच डोंगर होतो. कापायच्या रीती अनेक. एक भाषेतच आयती मिळते, ती झपाट्याने कापते पण डोळे मिटून. पत्त्यातच स्वल्पविराम असला तर पत्त्याचेही दोन तुकडे करून मोकळी होते. दुसरी नमुना ठरवून शोधणारी, ती शहाणी पण संशयी, प्रत्येक अक्षराची उलटतपासणी करत बसते. तिसरी हेडबाईंची. त्यांची रीत आधी ओळीवर नजर टाकायची, अवतरणचिन्ह आहे का बघायची. नसेल तर ओळ आयत्या रीतीच्या हवाली करायची, असेल तर मात्र स्वतः एकेका स्वल्पविरामापाशी थांबत जायची. वर्षानुवर्षं वापरून, ठिगळं लावून ती रीत त्यांनी टिकवली होती. आणि चौथी त्याची, नवी, सुटसुटीत, चार ओळींत मावणारी. साहेबांनी सांगितलं, सगळ्यांचा वेग मोजून तक्ता कर. त्याने केला. त्याची रीत बाईंच्या रीतीच्या चाळीस पट पुढे निघाली. मोठ्या बैठकीत तो तक्ता भिंतीवर झळकला, साहेबांनी "वा" म्हटलं, आणि बाहेर पडताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच सांगितलं, की बाईंना आता जरा निवांत काम द्यायचा विचार आहे, तेव्हा हा विभाग बघायची तयारी ठेव.

काल सगळे निघायच्या बेतात असताना त्याने सहज, निव्वळ मजा म्हणून, दसपट मोठी फाइल आपल्या रीतीला चारली. वेळ तेवढाच आला. क्षणभर तो हरखला. आणखी मोठी दिली, तरी तेवढाच. मग मात्र त्याला शंका आली, कारण कामाचा ढीग वाढला तरी ज्याला वेळ जास्त लागत नाही तो एक तर जादूगार असतो, नाहीतर काम करतच नसतो. ती रीत कापतच नव्हती. तिला ओळ दिली की ती फक्त "हो" म्हणायची. मागाल तेव्हा तुकडा देईन, असा शब्द देऊन बसून राहायची. त्यात तिचा काही दोष नाही, तिची घडणच तशी, मागितल्याशिवाय हात हलवायचा नाही. आणि त्याने मोजताना मागितलंच नव्हतं. घड्याळ लावलं, "हो" ऐकलं, घड्याळ बंद केलं. बाकीच्या तिघी बिचाऱ्या ओळीच्या शेवटापर्यंत कापत घाम गाळत होत्या आणि ही शब्द देऊन मोकळी. ही चूक या धंद्यातल्या माणसाला कळत नाही असं नाही. शिकवायला उभा राहिला असता तर त्याने हीच पहिली सांगितली असती. मग करताना का दिसली नाही? आकडा मनासारखा आला म्हणून. नावडता आकडा आला असता तर त्याने त्याचं आतडं न् आतडं बाहेर काढून पाहिलं असतं. आवडत्या आकड्याला कोण विचारतो, बाबा रे, तू कुठून आलास?

घरी लहानपणी त्याला झालंराव म्हणत. वडिलांनी ठेवलेलं नाव. अंथरूण घडी केलंस का? झालं. पाढे झाले का? झालं. शाळेत कविता पाठ करायला दिली, की बाकीची मुलं ओठ हलवत डोळे मिटून बसलेली असायची आणि याचा हात वर. "बघा, याचं झालंसुद्धा," शिक्षिका म्हणायच्या, आणि म्हणून दाखवायची पाळी यायची ती पुढच्या बाकांवर. त्याला कधीच म्हणायला लावलं नाही. ज्याचं सगळ्यांत आधी झालं त्याला काय म्हणायला लावायचं? ताई त्याच शाळेत, दोन वर्गांनी पुढे. तिने एकदा घरी जिन्यावर अडवलं. "म्हण बघू." त्याने पहिल्या दोन ओळी म्हटल्या. तिसरी येईना. ताई रागावली असती, वडिलांना सांगितलं असतं तर ते एकदाचं संपलं असतं. पण ती नुसती बघत राहिली, आणि मग जिन्यावरच बसून तिने त्याच्याकडून ती कविता पाठ करून घेतली, चांगला अंधार पडेपर्यंत. आज त्याला त्या कवितेतला एक शब्द आठवत नाही. जिन्याच्या कठड्याचा लोखंडी वास मात्र आठवतो, आणि आपण तिचा राग राग करत होतो तेही आठवतं. आपल्याला पकडलं म्हणून नव्हे, पकडून गप्प बसली म्हणून.

सांगायचं हे लिफ्टमध्येच ठरलं होतं. किंवा लिफ्टमधून बाहेर पडल्यावर ठरलं होतं, म्हणजे सांगायची वेळ टळून गेल्यावर. टेबलाशी बसून त्याने लॅपटॉप उघडला, आणि मनात एक अगदी शहाणपणाचा विचार आला, की नुसतं चुकलं म्हणून जाऊन सांगण्यात काय अर्थ आहे, बरोबर किती तेही हातात असलेलं बरं. बाई विचारणारच. हा विचार इतका रास्त होता की त्याच्यावर संशय घ्यायचं त्याला सुचलंच नाही. आणि त्याच्या मागे, पडद्याआडून बघणाऱ्या मुलासारखा, आणखी एक विचार उभा होता: खरं मोजून आपली रीत जरा का होईना पुढे निघाली तर? चाळीस पट नको, दीडपट चालेल, सव्वापटही चालेल. मग चूक ती चूक कसली, फार तर आकड्यातली बारीक दुरुस्ती. समोरच्या रांगेत बाई आपल्या जागी बसल्या होत्या. स्क्रीनवर लाकडी पट्टी आडवी धरून त्या एकेक ओळ वाचत होत्या. त्यांची ती सवय, पट्टी खाली सरकवत सरकवत वाचायचं. यावरून त्यांना हेडबाई हे नाव पडलं, आणि कुणाच्याही कामातली चूक लाल शाईने दाखवतात यावरूनही. आज त्या स्वतःचंच काम वाचत होत्या. काढून टाकण्याआधी एकदा वाचत असाव्यात.

त्याने मोजणी दुरुस्त केली. आता आपल्या रीतीकडून शेवटचा तुकडा हातात पडेपर्यंत मागून घ्यायचं, सोडायचं नाही. आयती रीत सगळ्यांत पुढे, ती आंधळी, तिला सोडा. तिच्या पाठोपाठ, अगदी खेटून, हेडबाईंची. आणि त्याची रीत मागे कुठेतरी त्या संशयी रीतीच्या शेजारी धापा टाकत. तो आकडा बघून त्याचे कान गरम झाले. इथे उठायला हवं होतं. समोर चार पावलांवर बाई बसल्या होत्या. पण माणूस इतका सहजासहजी उठत नाही. त्याच्या लक्षात आलं, की लॅपटॉप चार्जरला लावलेलाच नाही. यंत्र सावकाश चालत असणार. लावला. पुन्हा मोजलं. तेच. मागे गाणी चालू होती, ती बंद केली. बाकीच्या खिडक्या बंद केल्या. यंत्र तापलं असेल म्हणून थोडं थांबला, खालून हात घालून पाहिलं, आणि पुन्हा मोजलं. दर वेळी आकडा थोडा हलायचा, आणि दर वेळी तो म्हणायचा, बघ, हलतोय म्हणजे पक्का नाही, पक्का नाही म्हणजे सांगण्यासारखा नाही. लहान ओळी घेऊन पाहिल्या. लांब घेऊन पाहिल्या. पूर्वी कधीतरी त्याने एका मित्राला वजनकाट्यावर उभं राहताना पाहिलं होतं. आधी बूट काढले, मग पट्टा, मग खिशातल्या किल्ल्या, मग श्वास सोडला. तेव्हा तो पोट धरून हसला होता.

मध्येच बायकोचा फोन आला. "काही बोलले का रे साहेब?"

"नाही अजून. आज कदाचित."

"आईला सांगितलं मी. तिला काही कळलं नाही, पण फार आनंद झाला तिला. म्हणाली, आमच्या जावयाचा हात चालतो भराभर." ती हसली. "बरा आहेस ना? आवाज असा का?"

"कामात आहे गं. ठेवू?"

"ठेव. आणि जेव वेळेवर."

फोन ठेवला आणि त्याला वाटलं, सांगायची माणसं वाढत चाललीत. कालपर्यंत एकट्या बाई होत्या. आता बायको, सासूबाई, सासूबाई ज्यांना फोन करतील ती सगळी मंडळी. प्रत्येकाला जाऊन सांगायचं, की तुमचा आनंद परत द्या, तो माझा नव्हता. आणि मग त्याला ती वाट सापडली. ओळीतले सगळे तुकडे लागतच नसतील, पहिले दोनच लागत असतील, तर? तेव्हा त्याची रीत दोन तुकडे कापून थांबते आणि बाकीच्या रीती उगाच शेवटापर्यंत जातात. मोजून पाहिलं. पुढे. चांगली पुढे. हे खोटं नव्हतं. अगदी खरं होतं, कुणीही तपासून पाहावं. फक्त या ऑफिसात असं काम नव्हतं, इथे सगळे तुकडे लागायचे, आकडा तर शेवटच्याच तुकड्यात असायचा. पण उद्या तसं काम येणारच नाही असं कोण सांगतो? त्याने नवा तक्ता केला, त्यात ही एक रांग सगळ्यांत वर ठेवली, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. आता बाईंकडे जाता येईल. "मोजणीत थोडा बदल करतोय," असं म्हणता येईल, चुकलं हा शब्दच न वापरता. वाक्य मनात दोनदा घोळवून, शर्ट नीट खोचून त्याने मान वर केली. बाईंची खुर्ची रिकामी होती.

साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये त्या होत्या. पाठ त्याच्याकडे. साहेब उठून उभे राहिले, टेबलावरून हात पुढे केला, बाईंनी तो दोन्ही हातांत घेतला. काचेतून आवाज येत नव्हता. आवाज नसला की माणसांच्या हालचाली किती सरळ वाचता येतात. साहेबांनी काहीतरी टाइप केलं, स्क्रीन बाईंकडे वळवला, बाईंनी मान डोलावली, साहेबांनी एक बटण दाबलं. त्याला वाटलं, आत जावं, दार ढकलावं. आणि लगेच वाटलं, अशा वेळी मध्ये घुसणं बरं दिसत नाही. शिष्टाचार माणसाच्या किती कामी येतो. सकाळपासून तो एकेक रास्त गोष्ट करत आला होता, बरोबर आकडा काढणं, पुन्हा खात्री करणं, दुसऱ्याच्या बोलण्यात मध्ये न जाणं; आणि या सगळ्या रास्त गोष्टींची बेरीज ही, की पलीकडे बाई आपली जागा सोडून देत होत्या. त्याला स्वतःची किळस आली. तोंडात खरंच काहीतरी कडू आलं आणि ते गिळून तो बसून राहिला.

बाई बाहेर आल्या त्या थेट त्याच्याच टेबलाशी. शेजारची खुर्ची ओढून बसल्या. "दिलं बाबा सांगून," त्या म्हणाल्या. "समोरच्या इमारतीत जुन्या नोंदींचा विभाग आहे ना, तिकडे. उद्यापासूनच. मागे विचारलं होतं त्यांनी, मीच हटून बसले होते. म्हटलं, हे कापायचं काम माझ्या हातचं आहे, ते कसं सोडू? आता कसला हट्ट? हातचं तरी काय राहिलंय." चष्मा काढून त्यांनी पदराने नव्हे, ओढणीच्या टोकाने पुसला. "खरं सांगू? दोन दिवस वाईट वाटलं. पण आपल्यापेक्षा कुणी एवढा पुढे गेला की भांडायलासुद्धा काही उरत नाही. थोडक्यात हरले असते तर जास्त लागलं असतं."

तयार केलेलं वाक्य त्याच्या तोंडाशी आलं, आणि त्याला ते बोलताच येईना. त्याऐवजी भलताच आवाज निघाला. "बाई, ते चुकलंय."

"काय चुकलंय?"

"माझा तक्ता. चाळीस पट नाहीये ते."

बाईंनी चष्मा लावला. "मग किती?"

"मी मोजलं तेव्हा ती रीत कापतच नव्हती. मी तुकडे मागितलेच नाहीत. नुसतं सुरू केलं आणि वेळ घेतला."

बाईंना दुसरं वाक्य लागलं नाही. त्यांचे डोळे बारीक झाले, ओठ जरासे हलले, जणू पट्टी एक ओळ खाली सरकली. "म्हणजे काम झालंच नव्हतं."

"नाही."

"आणि मागितलं तर?"

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. नवा तक्ता उघडाच होता, ती सोयीची रांग सगळ्यांत वर. त्याने झाकण मिटलं. "तुमची पुढे आहे. बरीच."

बाई हात मांडीवर ठेवून त्या मिटलेल्या झाकणाकडे बघत बसल्या. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी फोनवर हसत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून तो वाट बघत होता, अगदी आशेने वाट बघत होता. पण तिथे राग नव्हता, आधी लहान मुलीचा असतो तसा एक आनंद येऊन गेला, माझी पुढे आहे हा, आणि मग तो आनंद कुठे ठेवायचा ते न कळून त्या इकडे तिकडे बघू लागल्या. काचेच्या केबिनकडे एकदा पाहिलं. "तपासायला हवं होतं मी," त्या हळूच म्हणाल्या. "आजवर कुणाचं काही न तपासता सोडलं नाही. तुझं सोडलं. म्हटलं, हा चुकायचा नाही." मग त्याच्याकडे वळून, साध्या आवाजात, चौकशी म्हणून विचारलं, "कधी लक्षात आलं तुझ्या?"

या प्रश्नाला दोनच उत्तरं होती आणि त्यातलं खरं अगदी छोटं होतं. काल संध्याकाळी. दोन शब्द. ते म्हटले की लिफ्ट येणार, लिफ्टनंतरची सबंध सकाळ येणार, चार्जर, बंद केलेली गाणी, केबिनकडे बघत बसलेला तो. बाई त्याच्याकडे बघत होत्या. त्या नजरेत अजून काहीही मोडलेलं नव्हतं. एवढ्या मोठ्या बाईच्या नजरेत आपल्यासाठी जागा आहे हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं, आणि कळल्याबरोबर ती सोडवेना.

"आत्ता," तो म्हणाला. "आत्ताच. तुम्ही आत होतात तेव्हा."

बाईंनी सुस्कारा सोडला. "मग काय करणार. थोडक्यात चुकामूक झाली." त्याच्या मनगटावर हात ठेवून त्यांनी ते जरा दाबलं. "पण तसाच उठून सांगितलंस, हे फार बरं केलंस. दुसरा कुणी असता तर दाबून टाकलं असतं. एवढं तोंड पाडू नकोस. होतं असं. थांब, मी बोलते त्यांच्याशी, तू नको येऊस." आणि तो उठायच्या आत त्या पुन्हा काचेपलीकडे गेल्या.

तो बघत राहिला. बाई उभ्यानेच बोलत होत्या, हाताने कापल्याची खूण करत होत्या, मग हात हवेत तसाच थांबवून दाखवत होत्या. साहेबांनी कपाळाला हात लावला. स्क्रीनकडे बोट केलं, वरच्या मजल्याकडे बोट केलं, खांदे उडवले. बाईंनी आणखी काही विचारलं, साहेबांनी मान हलवली, आडवी. मग बाईंनी काचेतून त्याच्याकडे हात केला आणि साहेबही बघू लागले. दोघं त्याच्याकडे बघत, त्याच्याविषयी बोलत होते. साहेबांनी मान डोलावली. चुकीची कबुली देणाऱ्या माणसाने कसं दिसावं, तसं दिसायचा त्याने प्रयत्न केला, आणि ते त्याला जमलं.

बाई परत आल्या तेव्हा बसल्या नाहीत. "ते काही आता फिरत नाही म्हणाले. वरून मंजूर होऊन तिकडे माझी नेमणूकसुद्धा झाली. जरा आधी कळलं असतं तर गोष्ट वेगळी होती." पंख्याची वायर गुंडाळता गुंडाळता त्या बोलत होत्या. "माझी रीत मात्र ठेवायची, हे कबूल केलंय त्यांनी. ती आता तू सांभाळ. तुझ्यावर बिलकूल राग नाही हो त्यांचा. उलट म्हणाले, पोरगा प्रामाणिक आहे. मी म्हटलं, ते मला विचारा."

त्याने मान खाली घातली. तो लाजला असं बाईंना वाटलं, आणि त्या कौतुकाने हसल्या.